टांगलेला माणूस : एका पत्त्याचं वाचन

आज आपण एकच पत्ता समोर ठेवणार आहोत. टॅरोमधला बारा क्रमांकाचा 'हँग्ड मॅन', म्हणजे टांगलेला माणूस. आपल्यापुढे आहे तो ७८ पत्त्यांचा कॅट १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. भविष्य खरं ठरतं की नाही, हा आजचा विषय नाही. आपण चित्र वाचणार आहोत.

आधी नुसतं बघू या. इंग्रजी टी अक्षरासारखा लाकडी खांब. त्याला पालवी फुटलेली, म्हणजे लाकूड जिवंत आहे. त्याला एक तरुण एका पायानं उलटा लोंबतोय. दुसरा पाय गुडघ्यात वाकून मागे गेलाय. निळा अंगरखा, लाल तंग विजार, पिवळे जोडे. डोक्याभोवती तेजोवलय. चेहरा शांत. मागे काही नाही, नुसता करडा रंग.

यातून रूढ अर्थ लगेच निघतो : स्वेच्छेनं केलेला त्याग, थांबणं, जगाकडे उलट्या बाजूनं पाहणं. वेट यांचंही म्हणणं असं की, या चेहऱ्यावर यातना नाही, तल्लीनता आहे. बहुतेक वाचनं इथेच थांबतात. आपण जरा मागे जाऊ.

टॅरो हा मुळात खेळ. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत लोक हे पत्ते खेळायचे. जुन्या इटालियन उल्लेखांत या पत्त्याला दगाबाज असंही म्हटलंय. आणि त्या काळच्या इटलीत असं चित्र कुणाला कोडं वाटलं नसतं. तिथे गद्दारांची बदनामीची चित्रं सार्वजनिक भिंतींवर काढली जात, पुष्कळदा एका पायानं उलटं टांगलेली. माणूस पळून गेला तरी त्याचं चित्र टांगता येई. १४४० च्या अंगियारीच्या लढाईनंतर फ्लॉरेन्समध्ये आंद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकारानं अशी चित्रं काढली आणि 'टांगलेल्यांचा आंद्रेआ' हे टोपणनाव त्याला चिकटलं. आपल्याकडे धिंड काढत, ती निदान दिवस मावळला की संपायची. ही भिंतीवरची धिंड तशीच राहायची.

पुढे १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकानं टॅरोचा उगम इजिप्तमध्ये शोधला. हा पत्ता छापणाऱ्यांनीच उलटा केला, असं त्याचं म्हणणं. सरळ धरा, तर हा एका पायावर उभा असलेला सावध माणूस, म्हणजे विवेक! म्हणजे शिक्षेचं चित्र सद्गुणाचं करायची घाई वेट यांच्याही आधीची आहे.

आता गंमत बघा. विस्कोंती-स्फोर्झा या पंधराव्या शतकातल्या कॅटातही हीच ठेवण आहे : उलटं शरीर, वाकलेला पाय, मागे नेलेले हात. तिथे चेहराही फारसा पिळवटलेला नाही. मग १९०९ मध्ये काय बदललं? साध्या लाकडी चौकटीच्या जागी पालवीचा खांब आला आणि डोक्यामागे वलय आलं. गुन्हेगाराचा संत या दोन गोष्टींनी झाला.

चित्र म्हणून हे काम पक्कं आहे, आणि ते पामेलाबाईंचं आहे. कामाच्या मानानं पैसे फारच थोडे मिळाले, असं त्यांनी पत्रात लिहून ठेवलंय. कॅट मात्र दीर्घकाळ प्रकाशक आणि वेट यांच्याच नावानं ओळखला गेला.

आमचा आक्षेप चित्रावर नाही, त्याच्या सोप्या वाचनावर आहे. हात परत बघा. ते पाठीमागे आहेत, दिसत नाहीत. बांधलेत की आपणहून मागे घेतलेत, हे चित्र सांगत नाही. 'स्वेच्छेनं' हा शब्द आपण बाहेरून आणतो. नोकरी गेलेल्या, घरात अडकून पडलेल्या माणसापुढे हा पत्ता येतो आणि त्याला सांगितलं जातं, शांत राहा, हा त्याग आहे. त्याच्या पायातली दोरी कुणी बांधली, हे मग कोण विचारणार?

बदनामीच्या चित्रासमोर जिथे गर्दी उभी असायची, तिथेच या पत्त्यासमोर आपण उभे असतो. गर्दी थुंकायची, आपण हात जोडतो. दोन्हीत त्या माणसाला काही विचारायचं राहून जातं. तेव्हा पत्ता वाचताना वलयाचा अर्थ लावण्याआधी हातांबद्दल विचारा, एवढंच आपलं सांगणं.