मराठी इंटरफेसची रचना : तांत्रिक ज्ञान आणि सर्जनशीलता यांचा अनुबंध

प्रस्तावना :

संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील अक्षरे, कळफलक, चिन्हे व सूचना यांच्या समुच्चयास इंटरफेस म्हटले जाते. तंत्रज्ञाने सांगाडा उभारावा आणि कलावंताने तो सजवावा, अशी श्रमविभागणी या क्षेत्रात सर्रास गृहीत धरली जाते. मराठीच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. येथे लिपीचे ज्ञान हेच तांत्रिक ज्ञान ठरते आणि ते नसलेली सर्जनशीलता केवळ सजावट उरते. ‘मंगल’ हा फाँट आणि ‘स्वरचक्र’ हा कळफलक या दोन कृतींच्या आधारे प्रस्तुत लेखात या अनुबंधाची चिकित्सा केली आहे.

लिपीचे स्वरूप व इन्स्क्रिप्ट :

34 व्यंजनांची 12 रूपांची बाराखडी मांडली तरी 408 अक्षरे होतात; जोडाक्षरे निराळीच. प्रत्येक अक्षरास स्वतंत्र कळ देणे अशक्य आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने 1986 साली पुढे आणलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे ठेवून, क आणि ख यांसारख्या जोड्या एकाच कळीवर बसवल्या. ही मांडणी तर्कशुद्ध आहे. परंतु केवळ रोमन अक्षरे छापलेल्या कळफलकावर तो तर्क दिसत नाही, तो पाठ करावा लागतो. येथे तंत्र आहे, पण वापरकर्त्याचा विचार अपुरा पडला आहे.

‘मंगल’ : सिद्धी आणि मर्यादा :

विंडोज 2000 सोबत आलेल्या ‘मंगल’ फाँटचे रचनाकार र. कृ. जोशी (1936–2008) हे कवी, सुलेखनकार व अध्यापक होते. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क आणि नंतर वेलांटी येते; पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसावी लागते. हा क्रमबदल आणि जोडाक्षरांची रूपे फाँटमधील नियमांसह ठरवावी लागतात. म्हणजे बोरूचे वळण जाणणाऱ्या हातास संगणकाचे व्याकरणही जाणावे लागते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील रकाराचा भेद पुसला गेला तर गुरुजनांचे स्वयंपाकी होतात. येथे रूपाचा प्रश्न हा अर्थाचाच प्रश्न असतो.

तथापि ‘मंगल’मध्ये ल आणि श यांची हिंदी वळणाची रूपे आली. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल व देठयुक्त श ही मराठीची रूपे निश्चित केली. ॲ हे अक्षरही युनिकोडमध्ये 2008 साली समाविष्ट झाले. ओपनटाइप तंत्रात एकाच फाँटमध्ये भाषेनुसार रूप बदलण्याची सोय आहे. त्यामुळे अशा उणिवांना केवळ तंत्राची मर्यादा म्हणता येत नाही. कोणत्या भाषेचे वळण ‘मूळ’ मानावयाचे, हा सांस्कृतिक निर्णय त्यात दडलेला असतो.

‘स्वरचक्र’ : बाराखडीची पुनर्रचना :

आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी व सहकाऱ्यांनी घडवलेला ‘स्वरचक्र’ कळफलक 2013 साली उपलब्ध झाला. त्यात व्यंजनावर बोट ठेवताच भोवती त्याच्या स्वरयुक्त रूपांचे चक्र उमटते आणि बोट सरकवून हवे ते रूप निवडता येते. व्यंजनांचा क्रम शाळेतील वर्णमालेचाच ठेवलेला आहे. हलन्त निवडल्यास संभाव्य जोडाक्षरे कळांवर दिसतात. स्पर्शपडद्याचे तंत्र आणि बाराखडीची रचना यांचा हा मेळ खऱ्या अर्थाने सर्जनशील आहे, कारण इन्स्क्रिप्टमध्ये जे स्मरणावर सोपवले होते ते येथे डोळ्यांपुढे आले. सरावलेल्या टंकलेखकास मात्र प्रत्येक अक्षरासाठी बोट सरकवणे संथ वाटू शकते. नवशिक्याची सोय आणि जाणत्याची गती यांतील हा ताण पूर्णतः मिटलेला नाही.

निष्कर्ष :

1. मराठी इंटरफेसमध्ये तांत्रिक ज्ञान हे सर्जनशीलतेवरील बंधन नसून तिचे साहित्य आहे.

2. रचनेचे मूल्यमापन केवळ सौंदर्याच्या वा केवळ अचूकतेच्या निकषावर अपुरे ठरते. ती कोणाच्या लेखनसवयीस प्रमाण मानते, हेही तपासले पाहिजे.

3. केजसारख्या तालुक्याच्या ठिकाणी मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी भ्रमणध्वनीवर आपली भाषा रोमन लिपीत लिहितो, तेव्हा त्यास भाषाविषयक अनास्था म्हणणे सोपे असते. पण त्यामागे रचनेचे अपयशही असू शकते. म्हणून मराठी आणि संगणकशास्त्र या विभागांनी लिपी व इंटरफेस हा विषय एकत्रितपणे अध्यापनात आणणे अगत्याचे आहे.