पी.एल.सी.चा वीज-हिशेब : एका परिशिष्टाची चिकित्सा

सीमेन्सच्या एस७-१२०० या पी.एल.सी.च्या सिस्टीम मॅन्युअलला वीज-अंदाजपत्रकाचे एक छोटे परिशिष्ट जोडलेले आहे. त्यात एक सोडविलेले उदाहरण आणि एक कोरा तक्ता आहे. वर्गात लॅडर डायग्रामवर तासचे तास खर्च होतात आणि वीजपुरवठ्याचा प्रश्न 'एक २४ व्होल्टचा एसएमपीएस जोडा' एवढ्यावर मिटविला जातो. त्या पार्श्वभूमीवर हे परिशिष्ट अध्यापनाच्या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे.

परिशिष्टाचा मोठा गुण म्हणजे त्याने ५ व्होल्ट आणि २४ व्होल्ट ही दोन खाती स्वतंत्र ठेवली आहेत. एकूण वॉट काढून बेरीज करण्याची सवय किती फसवी असते, हे एका मांडणीवरून स्पष्ट होते. १२१४सी सीपीयू ५ व्होल्टवर १६०० मिलिअँपिअर आणि २४ व्होल्टवर ४०० मिलिअँपिअर देऊ शकतो. त्याला ८ इनपुट व ८ रिले आउटपुटची एसएम १२२३ मॉड्यूल्स चार जोडली असे समजू. प्रत्येक मॉड्यूल ५ व्होल्टवर १४५ प्रमाणे एकूण ५८० मिलिअँपिअर घेते. १०२० शिल्लक राहतात. २४ व्होल्टच्या खात्यात सीपीयूचे १४ इनपुट प्रत्येकी ४ प्रमाणे ५६ घेतात. प्रत्येक मॉड्यूलचे इनपुट ३२ आणि रिले कॉइल्स प्रत्येकी ११ प्रमाणे ८८, म्हणजे चार मॉड्यूल्सचे ४८०. बेरीज ५३६, तूट १३६ मिलिअँपिअरची. आता हीच मांडणी वॉटमध्ये पाहावी : उपलब्ध १७.६ वॉट, गरज सुमारे १५.८ वॉट. कागदावर वीज पुरते, पॅनेलमध्ये पुरत नाही.

तुटीवरचा उपाय दोन्ही खात्यांत सारखा नाही, ही बाब मॅन्युअलमध्ये आहे, पण ती विद्यार्थ्यांच्या लक्षात सहज येत नाही. ५ व्होल्ट अपुरे पडल्यास बाहेरून भर घालता येत नाही. मॉड्यूलच कमी करावे लागते. २४ व्होल्टसाठी स्वतंत्र पुरवठा चालतो, मात्र तो सीपीयूच्या सेन्सर-पुरवठ्याशी समांतर जोडायचा नाही. वरील मांडणीत दोन मॉड्यूल्सच्या रिले कॉइल्स, म्हणजे १७६ मिलिअँपिअर, बाह्य पुरवठ्यावर टाकल्या की सीपीयूवरील भार ३६० वर येतो. सीपीयूच्या स्वतःच्या रिले कॉइल्स मात्र हिशेबात धरायच्या नाहीत. त्यांची तरतूद आधीच केलेली असते.

परिशिष्टाची उणीव मात्र गंभीर आहे. सोडविलेल्या उदाहरणात सेन्सरच्या स्वतःच्या वापरासाठी ओळच नाही. दोन तारांच्या सेन्सरचा प्रवाह इनपुटमधूनच जातो, त्यामुळे तेथे अडचण नाही. तीन तारांचा प्रॉक्झिमिटी सेन्सर मात्र आपली वीज वेगळी घेतो. असे दहा सेन्सर प्रत्येकी १० मिलिअँपिअरचे धरले, तर १०० मिलिअँपिअर वाढतात आणि नुकताच जमविलेला ३६० चा हिशेब पुन्हा ४०० च्या पुढे जातो. तक्त्याचे अनुकरण करणारा विद्यार्थी येथे हमखास चुकेल. शिक्षकाने कोऱ्या तक्त्यात ही ओळ हाताने आखून घ्यावी. सर्व इनपुट व रिले एकाच वेळी चालू धरण्याची परिशिष्टाची पद्धत मात्र योग्यच आहे; 'सगळे एकदम कुठे चालू असतात?' म्हणून त्यात काटछाट करू नये.

दोन खाती जुळली म्हणजे काम संपले, असेही सर्वत्र नसते. ॲलन-ब्रॅडलीच्या एसएलसी ५०० मालिकेतील १७४६-पी४ या पुरवठ्याची मर्यादा ५ व्होल्टला १० अँपिअर आणि २४ व्होल्टला २.८८ अँपिअर. दोन्ही पूर्ण वापरल्यास ११९ वॉट होतात. पण बाह्य वापराचे २४ व्होल्ट धरून एकूण मर्यादा ७० वॉटचीच आहे. वॉटची जी बेरीज १२१४सीच्या बाबतीत फसवी ठरली, ती येथे तिसरी अट म्हणून करावीच लागते.