रत्नागिरीची पार्वती युरोपियन कशी झाली?

ऑस्करचा निकाल लागला की आम्हा चित्रपटवेड्यांचे पुढचे दोन-तीन आठवडे भांडणातच जातात. २०२५ मध्येही गेले. ‘अनोरा’ला पाच ऑस्कर म्हणजे जरा जास्तच झाली का? डेमी मूरच्या तोंडचा घास मायकी मॅडिसनने पळवला का? ‘एमिलिया पेरेझ’ला तेरा नामांकनं देणाऱ्यांनी तो चित्रपट शेवटपर्यंत पाहिला होता का? या भांडणांत मजा असते, आणि ती तेवढ्यापुरतीच असते. आज आम्हाला बोलायचंय ते एका न मिळालेल्या नामांकनाबद्दल. त्यातलं एक वाक्य अजूनही आमच्या डोक्यातून जात नाहीये.

विषय आहे पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’चा. मे २०२४ मध्ये या चित्रपटाला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक. त्याआधी कानच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट होता तो १९९४ साली, शाजी करुण यांचा ‘स्वाहम्’. मध्ये तीस वर्षं गेली. आता आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या ऑस्करसाठी एका देशाला एकच चित्रपट पाठवता येतो. आपल्याकडे तो निवडते फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने नेमलेली ज्युरी. सप्टेंबरमध्ये तिने एकोणतीस चित्रपटांतून किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ निवडला. इथपर्यंत ठीक. निवड म्हटली की कुणीतरी राहणारच. पण नंतर फेडरेशनच्या अध्यक्षांनी एका मुलाखतीत जे सांगितलं त्याचा आशय असा: ज्युरीला वाटलं की आपण भारतात घडणारा युरोपियन चित्रपट पाहतोय, भारतीय नव्हे.

युरोपियन! आता बघा, या युरोपियन चित्रपटात काय आहे. तीन बायका आहेत आणि तिघी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात काम करतात. प्रभा आणि अनू केरळहून आलेल्या नर्स. तिसरी पार्वती, तिथल्याच स्वयंपाकघरात राबणारी, मूळची रत्नागिरीकडची. ही भूमिका छाया कदम यांची. पार्वती विधवा आहे. नवरा गिरणीत होता. ज्या खोलीत ती कित्येक वर्षं राहतेय ती बिल्डरला हवी आहे, आणि खोली आपली आहे हे सांगणारा एकही कागद तिच्याकडे नाही. कागद नाही म्हणजे ती तिथे राहतच नव्हती, असा सगळा हिशोब. एका रात्री ती आणि प्रभा त्या बिल्डरच्या भल्यामोठ्या जाहिरातफलकावर दगड भिरकावतात, हसतात आणि निघून जातात. शेवटी पार्वती बोचकी बांधून गावी परतते.

लालबाग-परळच्या किती घरांत ही गोष्ट घडली, हे इथे बसलेल्यांना आम्ही सांगायची गरज नाही. कोकणातून मुंबईत यायचं, गिरणीत आयुष्य घालवायचं आणि गिरणी गेली, चाळ गेली की परत कोकणात जायचं. हा रस्ता मराठी माणसाच्या इतका पायाखालचा आहे, आणि मराठी सिनेमाने त्याच्याकडे इतकं कमी पाहिलं आहे, की एका मल्याळी-हिंदी-मराठी चित्रपटात तो अचानक समोर येतो तेव्हा आपण दचकतो. छाया कदम त्यात रडत नाहीत. पार्वती वैतागलेली आहे आणि थोडी थट्टेखोरही. दोन वाक्यांत विषय संपवते नि कामाला लागते. अशा बाया आपण ओळखतो. कुठला निकष लावला की ही बाई युरोपियन ठरते, ते आम्हाला खरोखर समजून घ्यायचं आहे.

ज्युरीची बाजूही मांडून बघू. चित्रपटाला पैसा फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, इटली अशा ठिकाणांहून आला, हे खरं. तो संथ आहे, हेही खरं. पात्रं कमी बोलतात, शॉट लांब चालतात. समुद्रकिनाऱ्यावर बुडालेल्या एका माणसाला प्रभा वाचवते आणि तो तिचा जर्मनीत जाऊन गप्प झालेला नवरा होऊन बोलू लागतो. हे खरं की स्वप्न, चित्रपट सांगत नाही. हे सगळं म्हणजे युरोप असं कुणाला वाटलं असेल, तर त्यांनी सत्यजित राय यांना कुठे बसवायचं ते आधी ठरवावं. राय यांनी १९५० साली लंडनमध्ये डे सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ पाहिला आणि त्याचा ‘पथेर पांचाली’वरचा ठसा कधी लपवला नाही. त्यामुळे निश्चिंदिपूर काही इटलीत गेलं नाही.

आणि हीच फेडरेशन! २०१५ साली अमोल पालेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या ज्युरीने चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ निवडला होता. ‘कोर्ट’ आठवा. कॅमेरा जागचा हलत नाही. न्यायालयातली तारीख पे तारीख, मध्येच सरकारी वकील बाई लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, घरच्यांबरोबर नाटकाला जातात. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा खटला. तो ‘कोर्ट’ या ‘लाइट’पेक्षा कणभरही कमी ‘युरोपियन’ नाही. त्याला व्हेनिसमध्ये पारितोषिक मिळालं होतं, देशात सुवर्णकमळ मिळालं होतं, आणि तेव्हा कुणाला तो परका वाटला नाही. म्हणजे निकष चित्रपटात नसतो, खुर्चीवर कोण बसलंय यात असतो. २०२४ च्या ज्युरीत तेरा जण होते, तेराही पुरुष. तीन बायकांचा हा चित्रपट आणि दोन नवऱ्या मुलींचा ‘लापता लेडीज’ यांच्यात निवडताना त्या तेरा जणांना ‘भारतीय स्त्री’ कुठली वाटली, हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतोय.

‘लापता लेडीज’ला नावं ठेवायला आम्ही उभे नाही. २००१ सालातलं एक काल्पनिक निर्मल प्रदेश, आगगाडीत घुंघटामुळे झालेली नवरीची अदलाबदल, आणि बायकांना स्वतःचं नाव-गाव तरी माहीत असावं हा साधा आग्रह. फार गोड चित्रपट आहे. त्यात स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजू माई कोण? पुन्हा छाया कदम! एकाच अभिनेत्रीने त्याच वर्षी दोन एकट्या, कमावत्या, कुणाचं ऐकून न घेणाऱ्या बाया उभ्या केल्या. त्यातली एक भारतीय ठरली, दुसरी युरोपियन. आम्हाला विचाराल तर मंजू माई शहाणपणाची वाक्यं बोलते, टाळ्या घेते, आणि आपल्याला निर्धास्त करून घरी पाठवते. पार्वती निर्धास्त करत नाही. फरक एवढाच आहे, आणि तो भूगोलाचा नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. डिसेंबरात पंधरा चित्रपटांची यादी आली, त्यात ‘लापता लेडीज’ नव्हता. गंमत म्हणजे त्या यादीत एक हिंदी चित्रपट होता. संध्या सुरी यांचा ‘संतोष’, उत्तर भारतातल्या एका महिला कॉन्स्टेबलची गोष्ट. तो पाठवला होता ब्रिटनने! आपल्या सेन्सॉरने मात्र २०२५ मध्ये त्याचं इथलं प्रदर्शन अडवून धरलं. म्हणजे हिंदी बोलणारा चित्रपट ब्रिटनचा, मराठी बोलणारी पार्वती युरोपची. इकडे फ्रान्सच्या समितीने ‘लाइट’ आपल्या शेवटच्या चौघांत घेतला होता, आणि अखेर पाठवला ‘एमिलिया पेरेझ’, जो स्पॅनिशमध्ये आहे आणि मेक्सिकोत घडतो. इराणचा मोहम्मद रसूलोफ देश सोडून पळाला, त्याचा फारसी चित्रपट जर्मनीने पाठवला, तो शेवटच्या पाचांत आला. त्याच्या आदल्या वर्षी विम वेंडर्स या जर्मन माणसाचा ‘परफेक्ट डेज’ जपानतर्फे होता, आणि ब्रिटनने जिंकलं ते जर्मन भाषेतल्या ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’वर. बाकीच्या देशांनी ‘हा आमच्या मातीतला आहे का’ हे विचारणं कधीच सोडून दिलंय. ते विचारतात, हा चांगला आहे का, आणि जिंकेल का.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आम्हाला मान्य होण्यासारखा आहे. ऑस्करचं एवढं कौतुक कशाला? लॉस एंजेलिसमधल्या मतदारांनी शिक्का मारल्याने चित्रपट मोठा होतो का? नाही होत. मदर इंडिया, सलाम बॉम्बे, लगान, इतक्या वर्षांत आपली तीनच नामांकनं, आणि त्या यादीत न आलेले चित्रपट काढले तर भारतीय सिनेमाचा इतिहासच उरत नाही. शिवाय दुसरे दरवाजे आहेत. गोल्डन ग्लोबला देशाची चिठ्ठी लागत नाही, तिथे ‘लाइट’ला आणि दिग्दर्शक म्हणून पायल कपाडियालाही नामांकन मिळालं. ‘आरआरआर’ला देशाने पाठवलं नव्हतं, तरी ‘नाटू नाटू’ ऑस्कर घेऊन आलं.

पण दरवाजा मोठ्यांना उघडतो. ‘आरआरआर’कडे पैसा होता. आपला ‘श्वास’ आठवतो ना? ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीत सुवर्णकमळ आणणारा, संदीप सावंतचा. २००४ साली तो भारतातर्फे निवडला गेला आणि मग कळलं की तिथे मतदारांना चित्रपट दाखवायलाच लाखो रुपये लागतात. महाराष्ट्रभर लोकांनी वर्गणी काढली. पाचांत तो आला नाही. तरी त्या निवडीमुळे जे झालं ते मोलाचं होतं. आजोबा आणि डोळे गमावणार असलेला नातू, एवढ्याशा गोष्टीसाठी लोक थिएटरात गेले, आणि मराठीत असंही करता येतं हे पुढच्या पोरांना दिसलं. छोट्या चित्रपटाला ही निवड प्रेक्षक मिळवून देते. बाहुली मिळो न मिळो. ‘लाइट’ला पात्र ठरण्यापुरतं सप्टेंबरात केरळात लावलं, देशभर तो आला नोव्हेंबरच्या शेवटी, मोजक्या शोंमध्ये. निवड झाली असती तर रत्नागिरीत, चिपळुणात त्याचे खेळ लागले असते का? आम्हाला वाटतं, लागले असते. पार्वतीच्या गावाने पार्वती पाहिली असती.

जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जागतिक कथापट विभागाचं मुख्य ज्युरी पारितोषिक मिळालं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला एक तरुण, आणि त्याला तिथे पुन्हा भेटलेला बालपणीचा मित्र. चित्रपट मराठीत आहे. पैसा भारताबरोबर ब्रिटन आणि कॅनडाचाही आहे. चाल संथ आहे, पात्रं कमी बोलतात. असा चित्रपट फेडरेशनच्या ज्युरीपुढे आला की तो कुठल्या देशाचा आहे हे पुन्हा कुणीतरी ठरवतं. प्रश्न असतील तर आता घेऊया.