डिप्लोमा म्हणजे कोणी कोणाला दिलेला शब्द?

अमेरिकेतल्या हायस्कुलांबद्दल सध्या इतके वाद चालू आहेत, की सगळ्यांना हात लावला तर एकाचंही धड होणार नाही. म्हणून आज एकच वाद घेऊ. ५ नोव्हेंबर २०२४, अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांपुढे त्या दिवशी आणखी एक प्रश्न होता. राज्याची परीक्षा पास झाल्याशिवाय हायस्कूलचा डिप्लोमा नाही, ही अट काढून टाकायची का? सुमारे ५९ टक्के लोकांनी 'काढा' म्हणून कौल दिला. अट गेली.

आधी थोडी माहिती हवी. तिथे आपल्या एसएससी बोर्डासारखी व्यवस्था नाही. बारावी संपल्यावर डिप्लोमा मिळतो तो त्या त्या गावाच्या किंवा शहराच्या 'डिस्ट्रिक्ट'कडून, म्हणजे स्थानिक शाळा-प्रशासनाकडून. मॅसॅच्युसेट्सने त्यावर एक सामाईक अट घातली होती. 'एमकॅस' नावाच्या परीक्षेत इंग्रजी, गणित आणि एक विज्ञान विषय, साधारण दहावीच्या सुमारास, पास व्हायचे. नापास झालात तर पुन्हा बसता यायचं. २००३ साली बाहेर पडलेल्या मुलांपासून हा नियम लागू झाला; विज्ञानाची अट त्यात नंतर आली. आता मुलाला विषय आला की नाही, हे डिस्ट्रिक्टने वर्गातल्या कामावरून ठरवायचं आहे.

अट काढा म्हणणाऱ्यांत शिक्षकांची संघटना पुढे होती. त्यांचं म्हणणं हलक्याने घेण्यासारखं नाही. केवळ या परीक्षेपायी वर्षाला साधारण ७०० मुलांचा डिप्लोमा अडायचा, आणि त्यांत मोठा भरणा कोणाचा? नुकतंच इंग्रजी शिकणाऱ्यांचा आणि अपंगत्व असलेल्यांचा. बारा वर्षं शाळेत गेलेला मुलगा एका कागदावर अडकतो आणि नोकरीच्या दारातूनच परत फिरतो. आपल्याकडे दहावीला अडकलेलं मूल ज्या घरात आहे, त्या घराला हे वेगळं सांगायला नको.

मग माझा आक्षेप कशाला आहे? मुलांना सोडवलं याला नाही. त्यांच्याबरोबर आणखी कोण सुटलं, याला आहे.

थोडं मागे जाऊ. १८४५ मध्ये याच राज्यात, बॉस्टनला, तोंडी परीक्षेच्या जागी छापील प्रश्नांची लेखी परीक्षा घेतली गेली. राज्याच्या शिक्षणमंडळाचे सचिव होरेस मान त्या सुधारणेच्या पाठीशी होते. त्या परीक्षेत खरं तपासायचं होतं ते शाळांना आणि शिक्षकांना. मुलांची उत्तरं हा शाळांविरुद्धचा पुरावा होता. आता १९९३ कडे या. गरीब गावांतल्या विद्यार्थ्यांच्या वतीने चाललेल्या मॅकडफी खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की श्रीमंत असो वा गरीब, प्रत्येक मुलाला शिक्षण देणं हे राज्याचं घटनात्मक कर्तव्य आहे. काही दिवसांतच शिक्षणसुधारणेचा कायदा आला. गरीब डिस्ट्रिक्टना राज्य जास्त पैसे देईल, सगळ्यांसाठी एक मानक ठरेल आणि ते गाठलं का हे परीक्षा सांगेल, असा तो एकूण करार.

आता बघा काय गंमत झाली. शब्द दिला राज्याने; तो पाळला गेला नाही तर शिक्षा मात्र मुलाला! कर्ज घेतलं बापाने आणि जप्ती आली पोराच्या दप्तरावर, असा हा प्रकार. २०२४ च्या मतदारांनी ती जप्ती उठवली, उत्तम केलं. पण कर्जाचं काय? ते कोणाच्या नावावर लावलं? माझ्या समजुतीप्रमाणे, कोणाच्याच नाही.

अट काढणारे म्हणतात, शिक्षक मुलाला चार वर्षं ओळखतो, त्याचा निर्णय तीन पेपरांपेक्षा खरा. ज्ञानमीमांसेच्या दृष्टीने यात तथ्य आहे. पण निर्णय देणारा निःपक्ष हवा, ही अट ते विसरतात. २०१५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे हायस्कूलचं मूल्यमापन करताना किती टक्के मुलं डिप्लोमा घेऊन बाहेर पडली, हे मोजावंच लागतं. ते प्रमाण ६७ टक्क्यांखाली गेलं, की शाळेवर सुधारणेची मोहीम येते. म्हणजे ज्या आकड्यावर शाळेची अब्रू, तो आकडा ठरवणारी शाळाच. वकीलही आपणच, न्यायाधीशही आपणच. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात सांगितलं होतं, की एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय अवलंबून ठेवाल, तितका तो आकडा भ्रष्ट होत जाईल. परीक्षेचे विरोधक हा नियम परीक्षेला नेहमी लावतात. डिप्लोमाच्या टक्केवारीला लावत नाहीत.

देशाचं चित्र काय सांगतं? राष्ट्रीय पातळीवर नमुन्यादाखल एक चाचणी घेतली जाते, 'नेप' तिचं नाव. २०२४ मध्ये बारावीच्या मुलांपैकी गणितात ४५ टक्के आणि वाचनात ३२ टक्के मुलं प्राथमिक पातळीच्याही खाली होती. या चाचणीवर मुलांचं स्वतःचं काहीच अवलंबून नसतं, त्यामुळे काहींनी मन लावून लिहिलं नसेल, हे मान्य. तरीही यांच्यातल्या बहुसंख्यांच्या हाती काही महिन्यांत डिप्लोमा पडणार असतो. वाचता न येणाऱ्याला 'तू शिकलास' असं लेखी देणं, ही करुणा आहे का? त्याची फसवणूक त्याला पुढे कॉलेजात किंवा कामावर कळते, आणि तेव्हा तक्रार ऐकायला शाळा नसते.

तत्त्वज्ञानात आम्ही काही वाक्यांना कृती मानतो. 'मी वचन देतो' हे वर्णन नव्हे, ते बोलणं हीच कृती. डिप्लोमा हे तसंच वाक्य आहे. ते बोलणाऱ्यावर बंधन येतं, म्हणून त्याला किंमत.

मग करायचं काय? केंद्रीय कायद्यामुळे परीक्षा अजून होतेच, फक्त तिच्यावर डिप्लोमा अडत नाही. ती तशीच चालू द्या. निकाल मुलाला आणि पालकांना स्पष्ट शब्दांत सांगा. आणि जो मुलगा मागे राहिला, त्याला जादा शिकवणी आणि लागलं तर आणखी एक वर्ष राज्याच्या खर्चाने मिळण्याचा कायदेशीर हक्क द्या. हे महाग आहे, मला माहीत आहे. म्हणूनच मतपत्रिकेवर तो प्रश्न नव्हता. अट काढायला एक मत पुरतं. शिकवायला मात्र माणसं लागतात, पैसे लागतात आणि वर्षं लागतात.

त्या ७०० मुलांना आता डिप्लोमा मिळेल. त्यांना इंग्रजी आणि गणित कोण शिकवणार, हे मात्र अजून ठरायचं आहे. थांबतो.