कॅबिनेट काढलं की पीसी थंड? एका सल्ल्याची उलटतपासणी

"कॅबिनेट काढून टाक, बोर्ड उघड्यावर ठेव, समोर कूलर लाव." नागपूरच्या उन्हाळ्यात पीसीवर दिवसेंदिवस सिम्युलेशन चालवणाऱ्या कोणालाही हा सल्ला हमखास मिळतो. सोबत पुरावा म्हणून दोन स्क्रीनशॉट असतात. समजा, बंद कॅबिनेटमध्ये प्रोसेसर ८८ अंश आणि उघड्यावर ७९. नऊ अंश वाचले, विषय संपला!

विषय संपत नाही. धरमपेठेतल्या भाड्याच्या खोलीत ज्याचं थिसिसचं गणित चालू आहे, त्याच्यासाठी सल्ला चुकला तर आठवड्याची रन जाते, कधी बोर्डही जातो. हा सल्ला सरसकट चूक आहे असं माझं म्हणणं नाही. माझी तक्रार पुराव्याबद्दल आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी नेमकं हेच तपासायला शिकायचं असतं.

पहिला प्रश्न: दोन्ही वेळी खोलीचं तापमान किती होतं? मे महिन्यात इथे दुपारी पारा ४४-४५ पर्यंत जातो, पहाटे तिशीच्या आसपास उतरतो. एक मोजमाप दुपारी आणि दुसरं रात्री घेतलं असेल, तर नऊ अंशांचं श्रेय कॅबिनेटला द्यायचं की सूर्याला? म्हणून प्रोसेसरचं नुसतं तापमान लिहू नका. खोलीच्या हवेपेक्षा तो किती अंश वर आहे, तो फरक लिहा.

दुसरा प्रश्न: कॅबिनेट काढून जास्तीत जास्त किती फायदा होऊ शकतो? याला प्रयोगही लागत नाही, साधं गणित पुरतं. पीसी ४०० वॅट उष्णता सोडतो असं धरा. ती वाहून नेताना हवा फक्त १० अंशांनी तापावी, असं वाटत असेल तर दर सेकंदाला साधारण ३६ लिटर हवा आरपार जायला हवी. जाळीदार पुढची बाजू आणि तीन बरे फॅन हे काम करू शकतात. म्हणजे अशा कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा दहाएक अंशच गरम असते, आणि उघडं करून वाचणार ते फार तर तेवढेच. पण पुढून काच आणि मागे एकच फॅन असेल, तर फायदा मोठा दिसतो. तो फायदा उघडेपणाचा नाही, वाईट कॅबिनेट टाळल्याचा आहे. आणि ४४ अंशांची खोली दोन्हीकडे ४४ अंशांचीच राहते. उलट खिडकी बंद असेल तर तेच ४०० वॅट खोली तापवत बसतात.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या मर्यादेला पोचला की स्वतःचा वेग कमी करतो. मग तापमान तिथेच अडकतं आणि कामाचा वेग घसरतो. त्यामुळे "दोन्हीकडे ९५, काहीच फरक नाही" हा निष्कर्षही तितकाच फसवा. फॅनही तापमान पाहून वेग बदलतात. तेव्हा फॅनचा वेग स्थिर ठेवा, आणि तापमानाबरोबर क्लॉक आणि वॅटही नोंदवा.

शिवाय मोजलं काय, तर फक्त प्रोसेसर. त्याला स्वतःचा फॅन असतो. बोर्डवरचे व्होल्टेज रेग्युलेटर, रॅम आणि एसएसडी यांना कॅबिनेटमधल्या वाहत्या हवेचा आधार असतो. तो प्रवाह गेला की प्रोसेसर थंड आणि रेग्युलेटर गरम, असं होऊ शकतं. स्क्रीनशॉटमध्ये ते दिसतच नाही.

आता कूलर. कोरड्या मे महिन्यात ४४ अंश आणि १८ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या बल्बचं तापमान २४-२५ च्या आसपास येतं. चांगला कूलर हवा तिशीपर्यंत आणतो. हा फायदा खरा आहे आणि कॅबिनेट काढण्याच्या फायद्यापेक्षा मोठाही आहे. पण तो खोलीला मिळतो. त्यासाठी बोर्ड उघडा करायची गरज काय? चालू चिप हवेपेक्षा गरम असते, म्हणून तिच्यावर दव साचत नाही. भीती आहे ती कूलरमधून उडणाऱ्या तुषारांची आणि खाऱ्या पाण्याच्या क्षारांची. धूळ आणि उबेला येणारी पाल तर आहेच. पावसाळ्यात ८५ टक्के आर्द्रतेला कूलरचा फायदा जवळजवळ शून्य, तुषार मात्र तसेच.

"पण गूगलनंसुद्धा उघडेच बोर्ड वापरले होते ना?" हो. १९९९ च्या सुमारास त्यांनी ट्रेवर कॉर्कचा थर टाकून एकेका ट्रेमध्ये चार-चार मदरबोर्ड बसवले होते. पण ते डेटा सेंटरच्या थंड हवेत. कॅबिनेटचं काम तिथे इमारत करत होती. आपल्या खोलीत ते कोण करणार?

याहून जवळचा पुरावा इंटेलचा आहे. २००७-०८ मध्ये न्यू मेक्सिकोत त्यांनी सुमारे ९०० सर्व्हरपैकी निम्मे जवळपास थेट बाहेरच्या हवेवर दहा महिने चालवले. हवा ३२ अंशांपर्यंत तापलेली, सर्व्हरवर धुळीचा थर. त्यातले ४.४६ टक्के बिघडले. मुख्य डेटा सेंटरमध्ये हे प्रमाण ३.८३ होतं, म्हणून "फार फरक नाही" ही बातमी पसरली. पण शेजारच्याच कप्प्यात एसीवर चाललेल्या निम्म्या सर्व्हरमध्ये ते २.४५ होतं! खरी तुलना याच्याशी व्हायला हवी. आकडे मोडून पाहिले तर सुमारे २० विरुद्ध ११ बिघाड. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे या प्रयोगातून "काही होत नाही" सिद्ध होत नाही आणि "नुकसान होतं" हेही नाही. आणि नागपूरची दुपार ३२ अंशांवर थांबत नाही.

शेवटी सेन्सर. ३० मे २०२४ ला उत्तर अंबाझरी रोडलगतच्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं सांगितलं. शहरातल्या इतर नोंदींशी ताडून पाहिल्यावर तो आकडा टिकला नाही. धरमपेठेच्या उशाशी घडलेला हा धडा पीसीलाही लागू आहे. बोर्डवरच्या एका सेन्सरवर विसंबू नका, स्वस्तातला का होईना, दुसरा थर्मामीटर लावा.

मग मला काय पटेल? एकच पीसी, एकच काम, तासभर स्थिर लोड. खोलीचं तापमान बोर्डापासून दूर मोजलेलं. बंद, उघडं, बंद, उघडं असा क्रम, निदान तीन फेऱ्या. प्रत्येक वेळी प्रोसेसर, रेग्युलेटर आणि एसएसडी तिन्हींचे आकडे. एवढं कोणी दाखवलं, तर निष्कर्ष काहीही निघो, मी मान्य करीन. तोवर माझा सल्ला साधा: फिल्टर साफ करा, पुढची हवा मोकळी ठेवा, खिडकी उघडी ठेवून कूलर खोलीला लावा, आणि लांब रन रात्री टाका.