परवान्याविना बांधकाम आणि शिक्षेचे प्रमाण : कॅलिफोर्नियाच्या कंत्राटदार परवाना कायद्याची चिकित्सा

सारांश

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात परवान्याविना बांधकामाचे कंत्राट घेणाऱ्यास फौजदारी, प्रशासकीय आणि दिवाणी अशा तीन प्रकारच्या शिक्षांना सामोरे जावे लागते. यांपैकी दिवाणी शिक्षा सर्वांत जड आहे. तिच्यान्वये कंत्राटदार केलेल्या कामाचा मोबदला मागू शकत नाही, आणि मिळालेला सर्व मोबदला त्याला परत करावा लागतो. या शिक्षेचे समर्थन ग्राहकसंरक्षणाच्या तत्त्वावर केले जाते. परंतु तिची रचना व तिच्यावरील न्यायनिर्णय एकत्र वाचले असता ती खऱ्या फसवणूक करणाऱ्यापेक्षा हाती लागणाऱ्या कारागिरावर अधिक पडते, आणि फसवल्या गेलेल्या घरमालकापेक्षा जाणत्या घरमालकाला अधिक उपयोगी पडते, असे मत प्रस्तुत लेखात मांडले आहे.

बीजशब्द : कंत्राटदार, परवाना, शास्ती, मोबदल्याची परतफेड, अन्याय्य लाभ, प्रमाणबद्धता.

१. प्रस्तावना

घर बांधून घेणारा मनुष्य आयुष्याची पुंजी अशा व्यक्तीच्या हाती सोपवतो, जिच्या कामाची पारख तो स्वतः करू शकत नाही. पायात किती लोखंड गेले, भिंतीतील वायरिंग कसे झाले, हे काम झाकले गेल्यावर कोणालाच दिसत नाही. म्हणूनच या व्यवसायावर राज्यसंस्थेचे नियंत्रण असावे, ही मागणी सर्वत्र आढळते. नियंत्रणाचे मार्ग मात्र भिन्न आहेत. आपल्याकडे सरकारी कामांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे वर्गवार नोंदणी करावी लागते. पण खाजगी घर बांधून देणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराने राज्याचा परवाना घ्यावा, अशी सर्वसाधारण सक्ती नाही. कॅलिफोर्नियाने १९२९ पासून ही सक्ती स्वीकारली असून तिच्या उल्लंघनाबद्दलच्या शिक्षा कालौघात कडक होत गेल्या आहेत. परवान्याचा आग्रह योग्य की अयोग्य, हा या लेखाचा प्रश्न नाही. तो आग्रह योग्य मानूनच, उल्लंघनाची शिक्षा कोणाला, किती आणि कोणाच्या लाभासाठी व्हावी, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

२. कायद्याची चौकट

कॅलिफोर्नियात कंत्राटदारांचे परवाने देणारे स्वतंत्र राज्य मंडळ आहे. परवान्यासाठी संबंधित कामाचा चार वर्षांचा अनुभव, कायदा व व्यवसायविषयक आणि त्या त्या कामाची परीक्षा, बोटांचे ठसे आणि पंचवीस हजार डॉलरचे हमीपत्र आवश्यक असते. स्थापत्य अभियांत्रिकीची कामे, इमारतींची सर्वसाधारण कामे आणि नळकाम, वीजकाम, रंगकाम यांसारखी विशेष कामे असे परवान्यांचे वर्ग आहेत. कामगार ठेवणाऱ्याला त्यांच्या नुकसानभरपाईचा विमा उतरवावा लागतो. हा विमा खंडित झाल्यास परवाना आपोआप निलंबित होऊ शकतो.

किरकोळ कामांना सूट आहे. ही मर्यादा दीर्घकाळ पाचशे डॉलर होती. १ जानेवारी २०२५ पासून ती एक हजार डॉलर झाली. मात्र त्या कामास बांधकाम परवानगी लागत असेल किंवा काम करणाऱ्याने मदतीला मजूर घेतला असेल, तर ही सूट मिळत नाही. निव्वळ पगारावर काम करणारा नोकर या कायद्याने कंत्राटदार ठरत नाही. म्हणजे तोच गवंडी रोजावर गेला तर निर्दोष असतो. त्याने तीच भिंत उक्ते काम म्हणून अंगावर घेतली आणि रक्कम मर्यादेपलीकडे गेली, तर तो गुन्हेगार ठरतो. कायद्याचा रोख हाताच्या कामावर नसून जबाबदारी घेऊन व्यवहार करण्यावर आहे, हे यावरून स्पष्ट होते.

३. शिक्षेच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी फौजदारी आहे. कलम ७०२८ नुसार परवान्याविना कंत्राटदारी करणे हा किरकोळ वर्गातील फौजदारी गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीस पाच हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्या दोषसिद्धीस कंत्राटाच्या रकमेच्या वा दिलेल्या मोबदल्याच्या वीस टक्के किंवा पाच हजार डॉलर यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढा दंड आणि, अपवादात्मक परिस्थिती वगळता, किमान नव्वद दिवसांची कैद आहे. पुढील दोषसिद्धींना कैद एक वर्षापर्यंत जाते. आणीबाणी जाहीर झालेल्या नैसर्गिक आपत्तीत पडझड झालेल्या घरांची दुरुस्ती परवान्याविना स्वीकारल्यास कृत्य गंभीर गुन्ह्याच्या वर्गात जाऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील वणव्यांनी हजारो घरे भस्मसात केली. अशा प्रसंगी आगाऊ रक्कम घेऊन पसार होणाऱ्यांपासून लोकांचे रक्षण करण्यासाठी ही तरतूद आवश्यकच आहे.

दुसरी पायरी प्रशासकीय आहे. मंडळाचा निबंधक फौजदारी खटल्याविनाही नोटीस काढून दंड आकारू शकतो.

तिसरी आणि आपल्या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाची पायरी कलम ७०३१ ची आहे. काम चालू असताना सर्वकाळ परवाना असल्याशिवाय कंत्राटदाराला मोबदल्यासाठी दावा लावता येत नाही. त्याच्या मागणीत कितीही तथ्य असले तरी नाही. २००१ मध्ये विधिमंडळाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. काम करून घेणाऱ्याने दिलेली सर्व रक्कम परत मागण्याचा हक्क त्याला मिळाला. पहिल्या तरतुदीला ढाल आणि दुसरीला तलवार म्हणण्याचा प्रघात तेथील विधिज्ञांत पडला आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेतले तर या पायऱ्यांमधील अंतर लक्षात येईल. दोन लाख डॉलरचे काम आहे. त्यांतील दीड लाख साहित्य आणि मजुरी यांत खर्च झाले. काम निर्दोष आहे. पहिल्याच दोषसिद्धीत दंड जास्तीत जास्त पाच हजार. दिवाणी परतफेड मात्र पूर्ण दोन लाख, म्हणजे कमाल दंडाच्या चाळीसपट. फौजदारी न्यायालयात गुन्हा संशयातीत सिद्ध करावा लागतो. दिवाणी दाव्यात परवान्याचा वाद उद्भवताच तो असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कंत्राटदारावर येते. अधिक जड शिक्षा अशा रीतीने अधिक सोप्या मार्गाने मिळते.

४. न्यायनिर्णयांची दिशा

कायद्याच्या शब्दांना न्यायालयांनी काटेकोर अर्थ दिला. हायड्रोटेक विरुद्ध ओअ‍ॅसिस वॉटरपार्क या १९९१ च्या प्रकरणात न्यूयॉर्कच्या एका कंपनीने पाम स्प्रिंग्ज येथील जलउद्यानात कृत्रिम लाटांची यंत्रणा उभारली होती. कॅलिफोर्नियाचा परवाना तिच्याकडे नव्हता. पैसे देण्याचा हेतू नसतानाही खोटे आश्वासन देऊन आपल्याकडून काम करवून घेतले, असे तिचे म्हणणे होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे फसवणुकीचे गाऱ्हाणेही ऐकण्यास नकार दिला. विनापरवाना कामाला आळा घालण्याचे लोकहिताचे धोरण दोन पक्षांमधील कठोरपणापेक्षा वरचढ आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

एमडब्ल्यू इरेक्टर्स विरुद्ध नीडरहाउझर या २००५ च्या निर्णयात एका आलिशान हॉटेलच्या पोलादी कामाचा प्रश्न होता. उपकंत्राटदाराला आवश्यक परवाना काम सुरू झाल्यानंतर मिळाला. कामाच्या काळात कधीही परवाना नसेल, तर परवानाधारक काळातील कामाचाही मोबदला मागता येणार नाही, असे तत्त्व न्यायालयाने घालून दिले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की पैसे रोखणारा पक्ष अजाण घरमालक नव्हता. तो त्याच व्यवसायातील वरचा कंत्राटदार होता.

त्यानंतर अपील न्यायालयाने २००९ मध्ये व्हाइट विरुद्ध क्रिडलबॉ या प्रकरणात परतफेडीतून साहित्याची किंवा सेवेची किंमत वजा करता येणार नाही, असे ठरविले. २०१० च्या अलाट्रिस्टे प्रकरणात, कंत्राटदाराकडे परवाना नाही हे काम करून घेणाऱ्यास आधीपासून ठाऊक असले तरी त्याला सर्व रक्कम परत मिळते, असा निर्णय झाला. २०२० च्या आयझेनबर्ग व्हिलेज प्रकरणात न्यायालयाने या परतफेडीचे स्वरूप शास्तीचे असल्याचे स्पष्ट म्हटले. म्हणून तिला एक वर्षाची मुदत लागू झाली. ही मुदत काम पूर्ण झाल्यापासून किंवा थांबल्यापासून मोजावयाची आहे. परवाना नसल्याचे केव्हा कळले, याने तीत फरक पडत नाही.

५. समर्थनाची बाजू

या कठोरतेचे समर्थन दुर्लक्षिण्याजोगे नाही. परवाना नसलेल्याचे हमीपत्र नसते. बहुधा विमाही नसतो. त्याच्या कामावर मजूर जखमी झाल्यास तेथील श्रम संहितेच्या कलम २७५०.५ मुळे काम देणाराच त्या मजुराचा मालक समजला जाऊ शकतो, आणि घरमालकावर भरपाईचा बोजा येतो. प्रामाणिक परवानाधारक परीक्षा, विमा, हमीपत्र यांचा खर्च सोसतो. तो टाळणारा कमी दराने कामे मिळवतो. प्रत्येक गुन्ह्याचा पाठपुरावा सरकारी वकील करू शकत नाहीत. तेव्हा ग्राहकाच्या हाती हत्यार दिल्यास कायद्याची अंमलबजावणी आपोआप होते, हा युक्तिवाद सकृद्दर्शनी सबळ आहे. शिवाय परवान्याची वाट अनेकांसाठी खुली करण्याचा प्रयत्नही राज्याने केला आहे. २०१४ च्या कायद्यानंतर सामाजिक सुरक्षा क्रमांक नसलेल्या स्थलांतरितालाही वैयक्तिक करदाता क्रमांकावर अर्ज करता येतो.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप शिक्षेच्या नेमाचा आहे. घर अर्धवट सोडून, नाव बदलून निघून जाणाऱ्याविरुद्ध हुकूमनामा मिळाला तरी तो कागदावरच राहतो. वसुली होते ती ज्याचा पत्ता आहे, ज्याच्या नावावर अवजारे, गाडी, घर आहे त्याच्याकडून. म्हणजे काम पूर्ण करून त्याच गावात राहणाऱ्याकडून. परतफेडीचे प्रमाण कामातील दोषावर ठरत नाही, मिळालेल्या रकमेवर ठरते. त्यामुळे जितके मोठे काम पूर्ण केले, तितकी शिक्षा मोठी.

दुसरा आक्षेप लाभार्थ्याविषयी आहे. आयझेनबर्ग आणि अलाट्रिस्टे हे निर्णय शेजारी ठेवून वाचले की एक विलक्षण विसंगती दिसते. परवाना नसल्याचे पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेला घरमालक काम पुरे होताच दावा लावू शकतो; मुदत त्याला कधीच अडचणीची होत नाही. ज्याची खरोखर फसवणूक झाली, ज्याला दोन वर्षांनी भिंतीला तडा गेल्यावर सत्य उमगले, त्याचा परतफेडीचा हक्क मात्र तोवर संपलेला असतो. त्याला सदोष कामाबद्दलचे इतर उपाय धुंडाळावे लागतात. जे शस्त्र अजाणांसाठी घडविले, ते जाणत्यांच्या हाती अधिक धारदार ठरते.

तिसरा आक्षेप अपवादाबाबत आहे. पूर्वी परवाना असलेल्या, तो टिकविण्यासाठी सद्‌भावनेने वाजवी प्रयत्न केलेल्या आणि चूक कळताच ती तातडीने दुरुस्त केलेल्या कंत्राटदाराला 'पुरेशा अनुपालनाची' सवलत मिळू शकते. ज्याने कधीच परवाना घेतला नाही, त्याला हे दार बंद आहे. कार्यालय, वकील, हिशेबनीस बाळगणारी संस्था या दाराने आत जाऊ शकते. हातात कसब असलेला पण कागदपत्रांच्या जगाशी अपरिचित कारागीर जाऊ शकत नाही. दोघांत भेद करण्यास कारण आहे, हे मान्य. पण तो भेद एकाला सर्व मोबदला आणि दुसऱ्याला शून्य, इतका टोकाचा का असावा, याचे उत्तर कायदा देत नाही.

७. भारतीय कायद्याशी तुलना

याच प्रश्नाकडे आपल्या कायद्याने वेगळ्या नजरेने पाहिले आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० नुसार, विनामूल्य करण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला, त्याने त्याची भरपाई द्यावी लागते. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल आणि सन्स या १९६२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, संविधिक नमुन्यात करार झालेला नसतानाही, बांधकाम स्वीकारून वापरणाऱ्या शासनाला कंत्राटदाराचा मोबदला द्यावयास लावले. तेथील उणीव कराराच्या नमुन्याची होती, परवान्याची नव्हती. म्हणून हा दाखला तंतोतंत लागू पडत नाही. तरीही नियमभंग झाला म्हणून लाभ घेणाऱ्याने तो फुकट घ्यावा असे होत नाही, ही त्यामागील न्यायबुद्धी मोलाची आहे.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ याहून जवळचा आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून महारेरा प्राधिकरण त्याची अंमलबजावणी करते. प्रकल्पाची नोंदणी न करणाऱ्या प्रवर्तकास कलम ५९ नुसार प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत शास्ती आहे. उल्लंघन चालूच राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा आणखी दहा टक्क्यांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. ही रक्कम शासनाकडे जाते. ग्राहकाचा उपाय कलम १८ मध्ये वेगळा सांगितला आहे. ताबा वेळेत न मिळाल्यास प्रकल्पातून बाहेर पडून त्याला व्याजासह पैसे परत मिळतात, किंवा प्रकल्पात राहून विलंबाचे व्याज मिळते. सदनिका आणि सदनिकेची संपूर्ण किंमत या दोन्ही गोष्टी एकाच हातात पडत नाहीत. अंमलबजावणीतील उणिवा बाजूला ठेवल्या तरी शास्ती आणि भरपाई यांतील हा विवेक कॅलिफोर्नियाच्या तरतुदीत आढळत नाही.

८. निष्कर्ष

परवान्याविना केलेल्या कामाला शिक्षा असावी, ती वारंवार गुन्हा करणाऱ्यास वाढत जावी, आणि आपद्‌ग्रस्तांना लुबाडणाऱ्यास तर ती गंभीर असावी, याविषयी दुमत नसावे. परतफेडीची तरतूद शास्ती आहे, हे एकदा न्यायालयाने मान्य केल्यानंतर शास्तीचे सर्वमान्य दंडक तिला लागू झाले पाहिजेत. कंत्राटदाराचा हेतू आणि झालेली हानी यांनुसार तिचे प्रमाण ठरावे. साहित्याची आणि मजुरांना दिलेल्या वेतनाची वाजवी किंमत, काम निर्दोष असेल तर, वजा करता यावी. परवाना नसल्याचे जाणूनच काम देणाऱ्यास पूर्ण परतफेडीचा हक्क नसावा. त्या प्रकरणी हानीपलीकडची रक्कम फसवल्या गेलेल्या घरमालकांसाठीच्या सार्वजनिक निधीत जावी. आणि ज्याला सत्य उशिरा कळले, त्याची मुदत कळल्यापासून मोजावी.

अशी सूट दिल्यास कायद्याचा धाक नाहीसा होईल, असा प्रतिवाद संभवतो. परंतु नफ्याची संपूर्ण जप्ती, वाढता दंड आणि कैद शिल्लक राहतेच. जाते ते केवळ दुसऱ्याच्या श्रमावर फुकटचे घर मिळविण्याचे आमिष. आपल्याकडेही खाजगी बांधकामाच्या कंत्राटदारांना परवाना सक्तीचा करावा, असा विचार पुढे आल्यास कॅलिफोर्नियाची परीक्षा, हमीपत्र आणि विमा या गोष्टी अनुकरणीय ठरतील. तिचे कलम ७०३१ मात्र जसेच्या तसे उचलणे इष्ट होणार नाही. कारण आपल्याकडे उक्ते काम घेणारा मुकादम आणि त्याच्यासोबत आलेले मजूर यांच्यात फार अंतर नसते, आणि मुकादमाकडून परत घेतलेला पैसा अखेरीस त्या मजुरांच्या घामाचाच असेल.