मळक्या इंजिनाचे रसग्रहण

आमच्या शिवाजी पेठेत माणूस नवी मोटारसायकल घेतो आणि सहा महिने तिच्या सीटवरचं प्लास्टिक काढत नाही. त्याच पेठेत आमच्या एका शेजाऱ्यांनी पैसे साठवून आगगाडीचं छोटं इंजिन आणलं आणि आणल्या दिवशीच ते मळवायला बसले. मला त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटली.

हा नाद त्यांना पुण्यात लागला. कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली खुलं झालं. तिथं ते मुलाला दाखवायला म्हणून गेले. मुलगा तासाभरात कंटाळला. बापाला मात्र ओढून आणावं लागलं.

कोरं इंजिन खेळण्यासारखं चकाकतं. त्यावर काजळी, गंज, तेल रंगवलं की ते लोखंडाचं वाटतं, असं या कलेचं शास्त्र. परवा त्यांनी तयार इंजिन माझ्यापुढं ठेवलं. म्हणाले, "सांगा की राव, अगदी मोकळेपणानं!" बँकेतल्या माणसाला असं म्हणू नये.

पहिला दोष, मळ सगळीकडे सारखा. मी वर्षानुवर्षं नोटा मोजतोय. नोट आधी घडीवर झिजते, मग कोपऱ्यांत. सगळीकडून सारखी मळलेली नोट आली की मी ती उजेडात धरतो. इंजिनाचंही तेच. काजळी बसते धुराड्याच्या मागं, पाठीवर. तेल चाकांच्या दांड्यांपाशी. बॉयलरचं पाणी पाझरतं तिथं क्षाराचे पांढरे ओघळ. ब्रेकची तांबूस पूड खाली. आणि ड्रायव्हर ज्याला धरून चढतो तो दांडा मात्र लख्ख! मळालासुद्धा कारण लागतं.

दुसरा दोष प्रमाणाचा. हे इंजिन खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. म्हणजे रंगाचा अर्ध्या मिलिमीटरचा थर खऱ्या इंजिनावर चार सेंटिमीटरांहून जाड होतो. एवढा चिखल रंकाळ्यावरून परतणाऱ्या म्हशीच्या अंगावरही नसतो.

शेजाऱ्यांचा चेहरा उतरला. ब्रॉडगेजवरची शेवटची नियमित वाफेची गाडी थांबली १९९५ साली. त्यामुळं माझी टीका पडताळायला आता काजळी कुठली? पण कोपऱ्यात त्यांचे आबा बसले होते. मिरजेला फायरमन होते ते. त्यांनी इंजिन हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला.

"नंबर माझ्या गाडीचा घातलाय की रं!"

नंबर मी पाहिलाच नव्हता.

"चुकलंय ते खरं," आबा म्हणाले, "एवढी घाण गाडी घेऊन आम्ही शेडातनं बाहेर पडलोच नसतो. पुसायची, तेल द्यायचं, मगच निघायचं." मग सुनेला हाक मारली. "कुंकू आण गं. हिची खंडेनवमी केलेली दिसत न्हाई."

काडीच्या टोकानं त्यांनी इंजिनाच्या कपाळावर एक ठिपका लावला आणि ते इंजिन बराच वेळ खाली ठेवलंच नाही.

मी मनात हिशेब केला. खऱ्या इंजिनावर तो ठिपका ताटलीएवढा झाला असता. प्रमाण साफ चुकलं होतं.

मी बोललो नाही.